सूनबाईचा उपास

सोलापूर, शुक्रवार, १३ मार्च १९३१

सूनबाई दुसऱ्या मिशनातली. ईस्टरआधी चाळीस दिवस ती मटण खात नाही. आमच्यात ही रीत नाही. सकाळी मटण शिजवताना आमच्या हिने टोमणा मारला, तशी सूनबाई जेऊरला माहेरी जायला गाठोडे बांधून बसली. मी तेव्हाच का बोललो नाही?

संध्याकाळी हिला ख्रिस्ती मंडळीचा जुना इतिहास वाचून दाखवला. पूर्वी या उपासात कोणी मासे खात, कोणी नुसती कोरडी भाकर. लेखी आज्ञा नाही, म्हणून प्रेषितांनी ते ज्याचे त्याच्यावर सोपवलेले.

ही म्हणाली, “एवढ्या थोरांनी निवाडा केला न्हाय, आन् मी करत बसले व्हय! सूनबाई, गाठोडं सोड की.”

हिने स्वतः पिठले टाकले. दोघी तेच जेवल्या, हसत. मटण मला एकट्याला संपवावे लागले. देवा, क्षमा कर, फार चविष्ट होते.