चौदा नंबरच्या उणिवा

सोमवार, ३ तारीख
डोकंच नसलेली मूर्ती इतकी देखणी कशी दिसते? मला सांगता येणार नाही. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी तिच्यापुढे खुळ्यासारखी उभी राहिले. प्राचीन शिल्पांच्या संग्रहालयात नोंदणी मदतनीस! घरातली पहिली पदवीधर मी. नेमणुकीचं पत्र शेजारीपाजारी दाखवून आईनं त्याच्या घड्या झिजवल्या. काम सोपं: दार उघडण्याआधी प्रत्येक मूर्तीत काय नाही ते वहीत लिहायचं. चौदा नंबर: डोकं नाही, डावा हात नाही. संग्रहालय सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी बजावलंय, रोज लिही, पूर्ण लिही, स्वतःच्या अक्षरात.

गुरुवार, ६
दोन हजार वर्षांपूर्वी तुटलेला हात आज उगवणार थोडाच! तीन दिवस मी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहितेय. वाचलेल्या वेळात शाळकरी मुलांसाठी सोपे माहितीफलक लिहायला घेतलेत. लोकांना कळलंच नाही, तर हे सगळं जपायचं कशाला? सफाईवाले काका म्हणाले, पोरी, शिकलेली माणसं आळसालाही छान नाव देतात. मूर्तीच्या तुटक्या मनगटावर डावा हात टेकून ते तिचा खांदा पुसत होते.

रविवार, ९
धाकटी आली होती. चौथऱ्यावर मागून चढली, तुटक्या मानेवर हनुवटी टेकवली नि म्हणाली, ताई, काढ फोटो, बाईसाहेबांना डोकं मिळालं! मी रागावले. फोटोही काढला.

सोमवार, १०
मूर्तीला डावा हात आहे. नखांसकट. अंगठ्यावर भाजल्याचा व्रण. तो काकांचा.
काका आले नाहीत. त्यांच्या सुनेनं कळवलं, हात पांढरा पडलाय, टोचलं तरी समजत नाही.
मोठ्या बाईंनी वही चाळली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, उणीव लिहिली नाही की मूर्ती ती भरून घेते, त्या जागी ज्यानं अंग टेकलं त्याच्याकडून.

मंगळवार, ११
पानभर लिहिलं. डोकं नाही, डोकं नाही.
मानेवर हनुवटी आलीय. डावीकडे तीळ.
आईचा फोन. धाकटीचा जबडा उघडत नाही —

बुधवार, १२
ओठ आले.
बाई म्हणतात, एकदा सुरू झालं की लिहून थांबत नाही. त्याच जागी दुसरं कुणी टेकलं, तर पहिलं सुटतं.
दुसरं कुणी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार, १३
दार उघडण्याआधीच चढले. हनुवटीला हनुवटी लावली. दगड कोमट होता. शंभर मोजले.
आईचा फोन — धाकटी बोलली. पहिला शब्द, ताई.
मला ओ देता आली नाही, जबडा उघडेना.
मूर्तीच्या हनुवटीवर आता तीळ नाही. माझ्यासारखी खळी आहे. डोळेही — इथल्या ओळी पुसट —
आजची नोंद राहिलीय. पूर्ण लिहायची. स्वतःच्या अक्षरात.
चौदा नंबर: डोकं —