न विचारलेला भाग

कळसाडी, तालुका शहादा
११ फेब्रुवारी १९६९

प्रिय चुडामण,

इकडे सगळे खुशाल आहोत. कापूस वेचून झाला, केळी बरी आहे. तुझी वहिनी सारखी विचारायची, भावजी पुन्हा कधी येणार? तुझा गावच्या पाहणीचा अहवाल आला आणि तिचं विचारणं बंद झालं.

'कळसाडीची उमेद एकतीस टक्के. बाकी आळस आणि रूढी.' सरपंच भाईदासभाऊंनी हे वाक्य चावडीवर मोठ्याने वाचलं. नदीचं पाणी शेतात आणायची योजना आता दुसऱ्या गावाला द्यायचं घाटतंय. चोवीस तारखेला ते ठरवणाऱ्या समितीची सभा आहे.

अरे, माझ्याच ओट्यावर खडूने आकृती काढून तूच मला शिकवलंस ना? उमेद डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी गोल. नवं बी घेतलं का, खत टाकलं का, या उत्तरांवरून ती ताडायची. शिक्षण, जमीन आणि रस्ता यांचे बाण त्या गोलाकडे. एकाची उमेद जास्त, दुसऱ्याची कमी. या फरकातला जेवढा भाग ते बाण उलगडतील, तेवढाच तो आकडा. म्हणजे एकतीस टक्के फरक उलगडला. गावात उमेद किती, हे तो सांगतच नाही! "राहिलेला भाग म्हणजे आळस नव्हे रे, आपण न विचारलेलं," हे शब्द तुझेच. मग साहेबांपुढे तुझी लेखणी फिरली कशी? आठ दिवस आमच्या घरी जेवलास. दगा दिलास तू, चुडामण.

आता माझं. हे लिहायचं टाळत होतो. प्रश्न घेऊन घरोघर मीच फिरलो. उखाची बायको दगूबाई दारातून म्हणाली होती, "मास्तर, बी कोनतं पेरानं ते मी ठरावस. माले काबर इचारतस नही?" तुझ्या कागदावर बाईसाठी रकाना नव्हता. मी हसलो आणि उखाचं उत्तर लिहून घेतलं. बेचाळीस घरांत तसंच केलं, आणि तुला कळवलंही नाही.

या आठवड्यात पुन्हा फिरलो. चौतीस घरांत बियाणं बाईच निवडते. यादी सोबत आहे. दगूबाई बराच वेळ दार उघडेना. मग म्हणाली, "आते उनात का इचाराले?" आत्ता आलात का विचारायला, हा तिचा टोला मला लागला.

सभेपूर्वी ते वाक्य दुरुस्त करून पाठव. नाही आलं, तर हेच पत्र मी सभेत उभा राहून वाचेन, माझ्या चुकीसकट.

अजून तेरा दिवस तुझाच,
रतिलाल