थांबवणारं प्रथिन

३ फेब्रुवारी
सरांनी आज पाहुण्यांना परत तेच ऐकवलं— "हे आमचं प्रथिन!" आमचं! पेशी वाढवतेय मी, आणि प्रथिन यांचं. विषय काय, तर जनुकाची नक्कल कुठे थांबते. बोलले सव्वा तास!

४ फेब्रुवारी
आईचा फोन. "अगं, तू नेमकं करतेस तरी काय?" सांगितलं— पेशीत जनुक वाचत त्याची नक्कल काढणारं एक यंत्र असतं. जनुक संपलं की काही प्रथिनं त्याला पकडून खाली उतरवतात. नाहीतर ते पुढच्या जनुकात घुसतं. सरांच्या मते त्यातलं मुख्य प्रथिन आमचं. मी ते काढून टाकलं, तर यंत्र थांबेचना!
"म्हणजे तुझे काका बोलायला लागले की होतं तसं."
अगदी तसंच. मग म्हणाली, "आणि तुझं कधी संपतंय?" मी विषय बदलला.

९ फेब्रुवारी
ज्या कॉलेजात नोकरी ठरलीय तिथून विचारणा— एप्रिलअखेर थिसिस द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला. सर म्हणाले, "प्रयोग एकदाच परत कर. तेच उत्तर आलं की दे थिसिस." एकदाच! यांचं 'एकदाच' मला चांगलं ठाऊक आहे.

१२ फेब्रुवारी
प्रथिन काढलेल्या पेशी जुन्या इन्क्युबेटरमध्ये, साध्या पेशी नव्यात. सरांचाच नियम— "मिसळायला नकोत." आज सहज जुन्याच्या तळाशी पाहिलं. पाण्याचा ट्रे खडखडीत कोरडा!
मागच्या प्रयोगातही असाच असणार! आतली हवा कोरडी झाली की पेशींभोवतीचं द्रव आटतं, खारट होतं. त्या ताणाने यंत्र असंच सुसाट सुटतं— प्रथिन असो वा नसो. हे मी खालच्या वर्गाला शिकवते! ट्रे कुणी भरायचा? प्रत्येकाला वाटतं दुसरा भरेल. एवढी शिकलेली माणसं, पण भांडंभर पाणी ओतायला कुणाचा हात उठत नाही. माझाही नाही.

२० फेब्रुवारी
ट्रे भरून प्रयोग केला. प्रथिन नाही, तरी यंत्र शहाण्यासारखं वेळेवर थांबलं. ते काम दुसरीच कुठली तरी प्रथिनं करत असणार. आमचं नुसतंच मिरवतंय.

२१ फेब्रुवारी
सरांना सगळं सांगितलं. चष्मा पुसत म्हणाले, "तुझा हात चुकला असेल."
"सर, तो ट्रे—"
"ट्रेवर कुणी शोधनिबंध लिहितं का? मागचं उत्तर येईपर्यंत कर. नाहीतर नवा विषय घे."
नवा विषय! यांचं काय जातंय? बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकं निगरगट्ट व्हायला माणसाला किती वर्षं लागतात, कोण जाणे.

२४ फेब्रुवारी
प्रथिन काढलेल्या नव्या पेशी जुन्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. ट्रे काठोकाठ भरलेला होता. बेसिनमध्ये ओतला, नीट पुसला, आणि रिकामाच परत आत सरकवला.