चढावरचा बोळा

४ तारीख
नोकरी लागली! आईला लगेच पत्र टाकलं. मी आता तेलावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा फायरमन. कोळसा नाही, फावडं नाही. घट्ट काळं तेल गरम करून पातळ करायचं. मग वाफेचा झोत त्याचे तुषार उडवतो आणि भट्टीत जाळ धरतो. मी झडपा सांभाळायच्या आणि धुरावर नजर ठेवायची. काळा धूर म्हणजे तेल जास्त. पांढरा म्हणजे तेल आत जातंय पण जळत नाही. तेव्हा भट्टीच्या दाराजवळ फिरकायचं नाही. सहा महिने टिकलो की कायम. ड्रायव्हरने बघताक्षणी सांगून टाकलं, काडी पैलवान, आठवडाभर पुरलास तरी नशीब.

५
विझलेली भट्टी पेटवताना जळत्या चिंधीचा बोळा आधी आत टाकायचा, तेल नंतर सोडायचं. ड्रायव्हर यावर हसतो. विटा तापलेल्या असतात, तेल आपसूक पेटतं, बोळे भित्र्यांनी करावेत म्हणे. शेडच्या मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. आधीच्या फायरमनने ड्रायव्हरचं हेच ऐकून बोळा टाकला नव्हता. साठलेलं तेल एकदम भडकलं, जाळ दारातून बाहेर आला, पोरगा जागीच गेला. ड्रायव्हरचा सख्खा धाकटा भाऊ.

९
भर दुपारी, चढावर भट्टी विझली. झडपा जागच्या जागी होत्या. बोळा टाकला, पेटली. ड्रायव्हर म्हणाला, माझ्या भावाच्या हातून कधी विझली नव्हती.

१०
पुन्हा त्याच चढावर. बोळा टाकला. तो खाली पडलाच नाही. आत कोणीतरी झेलला.

१२
भट्टीत हात पाहिला. विटांतून कोपरापर्यंत, तळवा वर. बोळा मागत होता. ड्रायव्हरला सांगितलं. त्याने माझ्या कानाखाली वाजवली. मग दिवसभर भट्टीकडे पाठ करून बसला.

१३
चिंध्यांचा डबा ड्रायव्हरने रुळावर भिरकावला. आज बोळ्याशिवाय पेटवून दाखवतो म्हणतो. पेटली तर भावाचं मरण त्याच्या माथी नाही. चढावर थांबलोय. भट्टी विझलीय. तेलाची झडप त्याने पूर्ण उघडलीय, मला हात लावू देत नाही. पाना उगारून बसलाय. लिहून ठेवतोय, उद्या खापर माझ्यावर नको.

पांढरा धूर. दाट.

आतून दारावर थापा —

हाक येतेय. मला नाही. दादा, दादा —

ड्रायव्हर रडतोय. उठला. नको म्हणून ओरडलो, पण त्याने दाराची खिट्टी