सोळाव्या निबंधावरचं नाव

माझ्या सोळाव्या शोधनिबंधाला खरा खर्च आला तो असा: लोखंडाच्या छत्तीस पट्ट्या, सव्वा पोतं मीठ, सात महिने आणि योगिनी हिंगमिरे या मुलीचं नाव. पहिल्या तिन्ही गोष्टी निबंधात नमूद आहेत. चौथी नाही.

मी, डॉ. रंगराव मारुतराव शेवकरी, वय ७१, व्यवसाय गंजरोधक तेलांचं संशोधन, राहणार दिघी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते व कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. पत्नीचा दबाव आहे. पण तो बेचाळीस वर्षांचा असल्याने कायदा त्याला दबाव म्हणत नसावा.

कलम १. दिघीचं घर व बँकेतील ठेवी पत्नी यशोदाबाई हिला. मी रंगाच्या कंपनीत बाटल्या धूत होतो तेव्हा तिने माझ्याशी लग्न केलं. माझी डॉक्टरकी तिच्यापुढे कधी चालली नाही.

कलम २. भोसरीची प्रयोगशाळा मुलगा गणराज यास. तिथल्या भिंतीवर माझे एकतीस निबंध चौकटींत लावले आहेत. बाटल्या धुणाऱ्याच्या नावावर एकतीस निबंध, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला चहाआधी ऐकवत आलो. सोळावा उतरवावा. बाकीच्यांचं त्याने ठरवावं.

कलम ३. सोळाव्याबद्दल. २०११ साली योगिनी माझ्याकडे केमिस्ट होती. आमच्याकडे तेल लावलेल्या पट्ट्या मिठाच्या धुक्याच्या पेटीत टांगतात आणि गंज केव्हा येतो ते दर चोवीस तासांनी वहीत लिहितात. एका लॉटच्या पट्ट्यांना गंज येईचना. मी म्हणालो, "पेटी बिघडली असेल. दे टाकून." तिने टाकल्या नाहीत. पाडव्यालासुद्धा तळेगावहून येऊन नोंद करत राहिली. तेल लावण्याआधी पट्ट्या कोमट पाण्याने धुतल्याचा हा गुण, हे तिनेच शोधून काढलं.

निबंधासाठी पट्ट्या तपासायला लागणारं मोठं सूक्ष्मदर्शक एका कॉलेजचे विभागप्रमुख प्रा. दादासाहेब यांच्या ताब्यात होतं. ते म्हणाले, "शेवकरीसाहेब, मशीन आपलंच समजा. फक्त निबंधावर दोनच नावं बरी दिसतात." धंद्यातला माणूस मी, लगेच कळलं. पहिलं नाव माझं, दुसरं त्यांचं. योगिनीला पीएच.डी.च्या प्रवेशासाठी एक निबंध हवा होता, हे मला ठाऊक होतं. तिच्या वाट्याला शेवटची ओळ आली: 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार.'

माझे कान तिखट. पंपाचं बेअरिंग जाणार असेल तर मी दाराबाहेरून सांगतो. निबंध छापून आला त्या दिवशी पार्टिशनपलीकडचं बोलणंही ऐकू आलं. आमचे मदतनीस रोहिदास म्हणत होते, "ताई, विचारा की सरांना तोंडावर."

"नको दादा. गडबडीत राहिलं असेल. सर तसे नाहीत."

मी आत गेलो आणि चहा सांगितला.

तीन महिन्यांनी तिने काम सोडलं. मी निरोपसमारंभ केला, भाषणही केलं. आज ती तळेगावात दहावीच्या शिकवण्या घेते.

कलम ४. नोंदींची ती वही योगिनीची आहे, ती तिला मिळावी. गणराजने स्वतः न्यावी, कुरियरने नाही, आणि तिने बस म्हटल्याशिवाय बसू नये. प्रा. दादासाहेबांनी माझ्या सत्कारात घातलेली शाल त्यांना परत करावी. घडी मोडलेली नाही.

कलम ५. संशोधन योगिनीचं, पहिलं नाव तिचं घालावं, माझं काढावं, असं पत्र माझ्या पश्चात नियतकालिकाला पाठवावं, असं मी कच्च्या खर्ड्यात लिहिलं होतं. तो यशोदाबाईच्या हाती लागला.

"मेल्यावर कशापायी? तवा कुनी तोंडावर बोलनार न्हाई म्हनून व्हय?"

सबब हे कलम रद्द. पत्र आज सकाळी मीच पाठवलं, प्रत योगिनीला. तिचं उत्तर आलेलं नाही. ते मागण्याचा हक्क मला नाही.

साक्षीदार:
१. डॉ. जयदीप दौंडकर, आमचे डॉक्टर.
२. रोहिदास बबनराव साकोरे. यांनी कलम तीन दोनदा वाचून घेतलं, "बरोबर हाय. चहा मीच आणला होता," म्हणाले, आणि मग सही केली.

रंगराव मारुतराव शेवकरी
भोसरी, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत: एकतीस निबंधांची यादी. यांपैकी दुसऱ्या संशोधकांनी आजवर एकाच निबंधाचा आधार घेतला आहे. तो सोळावा.