सुपारी आधीच फुटली होती

आप्पा, आज ऑफिसात मी एका चांगल्या पोरावर इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. आम्ही दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पेशंट वॉर्डातून आयसीयूत हलवायचा, तर जुना बेड सोडणं आणि नवा बेड देणं एकदमच व्हायला पाहिजे. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. त्याला आम्ही ट्रान्झॅक्शन म्हणतो. पक्कं करेपर्यंत सगळं मागं घेता येतं, एकदा पक्कं झालं की संपलं. म्हणून माझा नियम आहे, मधल्या कोडनं आधी विचारायचं, ट्रान्झॅक्शन कुणी आधीच सुरू केलंय का? केलं असेल तर आपलं काम करून गप बसायचं. ज्यानं सुरू केलं, पक्कं त्यानंच करायचं. ह्या पठ्ठ्यानं न विचारता मधेच पक्कं करून टाकलं. जुना बेड सुटला, नवा मिळालाच नाही. नशीब, चाचणीतच सापडलं. तर वर मला म्हणतो कसा, "मॅडम, पण बिघडलं काय?"

तिथंच माझं डोकं फिरलं. हे वाक्य मी आधी तुमच्या तोंडून ऐकलंय.

मी तेव्हा शहरात, खासबागेत खोली घेऊन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला शिकत होते. तुम्ही बोलावलंत म्हणून घरी निपाणीला आले. स्टँडवर न्यायला आलात, अंगाला वखारीतल्या तंबाखूचा वास. मी शिंकले तर हसलात. वाटेत म्हणालात, "पाहुणे नुसतं तुला बघून जातील गं. तुला न्हाय पटलं तर न्हाय. तुझ्या शब्दाबाहेर मी हाय व्हय?" मी खुळी, खरं मानलं. संध्याकाळी चहा घेऊन बाहेर येते, तर पाहुण्यांतली म्हातारी माझा हात धरून म्हणते, "आता कशाला लाजतीस? सुपारी फुटून आठवडा झाला की!" मी तुमच्याकडं बघते. तुम्ही बशीतला चहा फुंकताय. एवढं काय होतं हो त्या बशीत?

आपल्यात सुपारी फुटली की लग्न पक्कं, विषय मिटला. मग मोडलं तर पोरीचं नाव खराब, बापाची मान खाली, धाकटीचंही अडणार. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच आधी फोडलीत. पाहुणे गेल्यावर चुलीपाशी मी विचारलं, "मला का विचारलं न्हाई?" तर म्हणालात, "पोरगा सोन्यासारखा हाय. बिघडलं काय?"

माणूस खरंच चांगला निघाला, आप्पा, आणि तीच तर पंचाईत झाली. संसार नीट चाललाय म्हटल्यावर माझा राग कुणाला खरा वाटणार? आक्का अजून म्हणते, "आप्पांनी तुझं भलंच केलं." केलं असेल. पण दगा तो दगाच. शेवटच्या दुखण्यात मी तुमचे पाय चेपले, तोंडावर हसले, आणि तुमच्या एकाही शब्दावर पुन्हा विश्वास ठेवला नाही.

आणखी एक. त्या दिवशी चहा ओतताना मी दाराच्या फटीतून पाहुण्यांत बसलेल्या ह्यांना बघितलं होतं. आवडले होते मला. व्हय म्हणायचं ठरवूनच बाहेर आलते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा तेच म्हणाला असता.