आम्ही वाईचे

देवास, ७ मे १९८०

मुलाची, विनूची, नोकरी हुकली. कारखान्यात स्थानिकांना आधी घ्या, असा सरकारचा नवा हुकूम आहे. साहेबांनी विचारलं, "कहाँ के हो?" हा पोपटासारखा म्हणाला, "वाईचे." बाहेरचा म्हणून नाव कापलं. पणजोबांनंतर आमच्यातल्या कुणी वाई पाहिलेलीसुद्धा नाही. पण कुणी गाव विचारलं की वाई सांगायचं, हे त्याला शिकवलं कुणी? मीच ना?

दिवेलागणीला उमेदवार मतं मागायला आले. हुकूम आपणच आणवला म्हणत होते. मला म्हणाले, "भिया, आप तो यहीं के हो।"

मी विनूला हाक मारली. "यांना सांग, आपण कुठले?"

तो म्हणाला, "तुम्हीच सांगा." उत्तर मीच द्यायला हवं होतं.

मी उमेदवारांना चहा घेणार का, असं विचारलं.